देवळालीचे कापरेकर मास्तर

गणपतीच्या दिवसांत टिळकांचे स्मरण आम्ही लालबर्राकर दरवर्षी करतो. यंदा एका साध्या शाळामास्तरांचे करू. आमची मुले शाळेत हिंदीतून पहाडे म्हणतात, घरी मराठी बोलतात. मास्तरांच्या गणिताला दोन्ही चालते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड सुरूच असे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवी घेऊन १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शिकवीत राहिले. पुढची पदवी नाही, मार्गदर्शक नाही. प्रश्न स्वतःच काढायचा, स्वतःच तपासायचा. डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले!

त्यांचा ६१७४ चा शोध मुलांना पाटीवर करता येतो. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. मध्ये शून्य आले तर तेही धरायचे. सार्वजनिक गणेशोत्सवाचे १८९३ हे साल घेऊ. ९८३१ उणे १३८९ म्हणजे ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. त्यानंतर तेच तेच येत राहते. सातापेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत. आणि प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातो. का, ते मुलांना सांगू नका. अंक तेच, फक्त जागा बदलल्या, एवढीच खूण पुरे.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. परिषदांना ते जात ते पदरमोड करून. पुस्तिकाही स्वखर्चानेच छापल्या. आपल्याकडे अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला, हे आम्हाला खटकते. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. मास्तर तोवर सत्तरीचे झाले होते. निवृत्तीनंतर घर चालवायला शिकवण्या घेत होते.

पंधरा आणि त्याचे अंक एक व पाच मिळवले की एकवीस होतात. वीस मात्र अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून होत नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. १९८६ साली ते देवळालीतच वारले.