बिर्याणीच्या बदल्यात एक गाणं

आपल्या आशाताईंच्या नावाचं एक इंग्रजी गाणं आहे, माहितीये? 'ब्रिमफुल ऑफ आशा'. कॉर्नरशॉप नावाचा इंग्लंडमधला बँड, गाणारा तजिंदर सिंग, आणि गाण्यात आशाबरोबर लता आणि रफीसुद्धा. तुम्ही ऐकलं असेल तर बहुतेक त्याचं नाचायचं, फास्ट व्हर्जन ऐकलं असेल. नॉर्मन कुकने केलेला तो रीमिक्स १९९८च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये नंबर वन झाला होता. पण मूळ गाणं १९९७मध्ये आलं तेव्हा चार्टमध्ये ६०व्या नंबरपर्यंतच पोचलं होतं. म्हणजे जवळपास गेलंच होतं. तरीही त्या वर्षाच्या शेवटी रात्री उशिरा लागणाऱ्या एका रेडिओ शोच्या श्रोत्यांनी त्याला वर्षातलं सगळ्यात भारी गाणं ठरवलं. रीमिक्स यायच्या आधी, जगाला पत्ताही नसताना!

तो शो जॉन पीलचा. दरवर्षी श्रोत्यांच्या मतांवर जी यादी लागायची तिचं नाव 'फेस्टिव्ह फिफ्टी'.

तुमच्या प्लेलिस्टमध्ये द स्मिथ्स, जॉय डिव्हिजन, पल्प, पीजे हार्वी, व्हाइट स्ट्राइप्स यांपैकी कुणीही असेल, तर तुम्ही या माणसाचं थोडं देणं लागता. तो स्वतः गायचा नाही, वाजवायचा नाही. एकदा मात्र, १९७१मध्ये, टीव्हीवर रॉड स्टुअर्टच्या 'मॅगी मे' गाण्यात मँडोलिन हातात घेऊन बसला होता, तेही वाजवण्याचं नाटक करत. त्याचं काम एकच होतं, ऐकणं. ३७ वर्षं बीबीसीवर.

खरं नाव जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉल गावात. वडील कापसाचे व्यापारी. (लिव्हरपूल आणि कापूस म्हटलं की मुंबई आलीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आपल्याकडच्या गाठी त्याच बंदरात उतरायच्या. पण ते पीलच्या फार आधी.) घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा बोर्डिंग स्कूलमध्ये, अभ्यासात यथातथा. १९५६मध्ये रेडिओवर एल्व्हिस प्रेस्लीचं 'हार्टब्रेक हॉटेल' कानावर पडलं आणि मुलगा कामातून गेला. शाळा संपली, दोन वर्षं सक्तीची लष्करी नोकरी झाली, रॉचडेलच्या गिरणीत काम करून झालं. मग १९६०मध्ये वडिलांनी कापसाच्याच ओळखीतून त्याला अमेरिकेत टेक्ससला पाठवून दिलं. मुलाचं काय करायचं हे कळलं नाही की दूर कुठेतरी ओळखीत चिकटवायचं, हा बाप लोकांचा उपाय सगळीकडे सारखाच.

डॅलसमध्ये तो पीकविम्याच्या कंपनीत काम करत होता. नोव्हेंबर १९६३मध्ये तिथेच राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. ली हार्वी ओसवाल्डला पत्रकारांसमोर उभं केलं, त्या रात्री पीलही त्या खोलीत होता. लिव्हरपूल एकोचा वार्ताहर आहे अशी थाप मारून आत शिरलेला! जुन्या फिल्ममध्ये तो दिसतोसुद्धा. आम्हाला एथिक्सच्या लेक्चरला जे करू नका म्हणून बजावतात, नेमकं तेच.

मग १९६४ आलं आणि अमेरिकेला बीटल्सचं वेड लागलं. लिव्हरपूलकडचा एक खरा माणूस डॅलसमध्ये आहे म्हटल्यावर स्थानिक रेडिओ स्टेशनने त्याला बीटल्सचा तज्ज्ञ म्हणून माइकसमोर बसवलं. त्याची आणि बीटल्सची ओळख असणारच, असं तिथल्या पोरापोरींनी परस्पर ठरवून टाकलं. पुढे ओक्लाहोमा, मग कॅलिफोर्निया. रेडिओचं काम तो असा शिकला.

याच काळातली एक गोष्ट त्याच्यावरच्या बऱ्याच प्रेमळ लेखांत एका ओळीत उरकलेली असते. १९६५मध्ये त्याने डॅलसमध्ये लग्न केलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि मुलगी १५ची. टेक्ससमध्ये तेव्हा ते कायद्यात बसत होतं. १९७३मध्ये घटस्फोट झाला. पुढे तिने आत्महत्या केली. त्या दिवसांत मागे लागणाऱ्या कोवळ्या पोरींबद्दल तो नंतरच्या मुलाखतींत ज्या हलक्या सुरात बोलला, ते आज वाचताना अंगावर येतं. माणूस आवडतो म्हणून हे पान चिकटवून ठेवायचं, हे मला जमणार नाही.

१९६७मध्ये तो इंग्लंडला परतला, तेव्हा तिथल्या रेडिओची अवस्था आपल्या आजी-आजोबांच्या आकाशवाणीसारखी होती. सगळं बीबीसीच्या हातात आणि पॉप संगीत चवीपुरतं. म्हणून काही लोकांनी थेट समुद्रात जहाजं उभी केली आणि तिथून गाणी सोडायला सुरुवात केली. पायरेट रेडिओ! पीलला यातल्या रेडिओ लंडनवर मध्यरात्री १२ ते २ची वेळ मिळाली. 'जॉन पील' हे नावही तिथेच पडलं, ऑफिसमधल्या एका सेक्रेटरीने सुचवलेलं. त्या वेळी मालक लोक झोपलेले असतात हे त्याच्या लगेच लक्षात आलं. मग ठरवून दिलेली गाणी गेली, जाहिराती गेल्या आणि 'परफ्युम्ड गार्डन' नावाच्या त्या शोमध्ये तो मनाला येईल ते लावू लागला. हे जेमतेम काही महिने चाललं. १४ ऑगस्ट १९६७ला सरकारी कायद्याने जहाजांवरचा रेडिओ बेकायदा ठरला आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने आपलं नवं स्टेशन काढलं, रेडिओ वन. पील तिथे आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. त्या पहिल्या फळीतले बाकी सगळे केव्हाच गेले होते.

आता एक तांत्रिक गोष्ट, पण मजेशीर आहे, कारण पीलचं अर्धं नाव तिच्यामुळे झालं. तेव्हा बीबीसीला दिवसाला ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवायची परवानगी होती. सारख्या रेकॉर्डच वाजल्या तर वादकांनी खायचं काय, असा त्यांच्या युनियनचा सवाल होता. त्यामुळे उरलेला वेळ भरायला बीबीसी बँडना स्वतःच्या स्टुडिओत बोलावून गाणी वाजवून घ्यायची. बाकीच्यांना ही कटकट वाटायची, पीलच्या टीमने तिचं सोनं केलं. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत दुपारी एखादी खटारा व्हॅन यायची, पोरं अँप उतरवायची आणि रात्रीपर्यंत साधारण चार गाणी रेकॉर्ड आणि मिक्स होऊन तयार. लाड नाहीत, पुन्हा पुन्हा टेक घेणं नाही. त्यामुळे त्यांना जवळजवळ लाइव्ह गिगचा आवाज आहे. वर बीबीसी रीतसर मानधन द्यायची. कफल्लक बँडसाठी पेट्रोल आणि तारांचे पैसे त्यातून सुटायचे. या 'पील सेशन्स'ची संख्या शेवटी ४,०००च्या वर गेली. गंमत म्हणजे पील स्वतः रेकॉर्डिंगला सहसा हजर नसायचा. तोही श्रोत्यांसारखाच, तयार झालेलं ऐकायचा.

बँड कुठून सापडायचे? पोस्टातून. कॅसेटी, रेकॉर्डी, चिठ्ठ्या, पोतीच्या पोती. गाडी चालवताना तो डेमो ऐकायचा आणि तरी ढीग कमी व्हायचा नाही, याची त्याला टोचणी असायची. शिवाय गिग्ज होत्याच. त्याचा प्रोड्युसर जॉन वॉल्टर्स, स्वतः एकेकाळचा ट्रम्पेटवाला, पबच्या मागच्या खोल्यांमध्ये जाऊन नवे बँड ऐकून यायचा. पील कॉलेजांमध्ये रेकॉर्डी वाजवायला जायचा, तिथेही पोरं गाठायची.

१९८१मध्ये शेफील्डला असंच झालं. जार्व्हिस कॉकर नावाच्या एका लांबुळक्या शाळकरी पोराने त्याच्या हातात कॅसेट दिली. बँडचं नाव पल्प. त्याच नोव्हेंबरमध्ये ती पोरं मेडा व्हेलला सेशन रेकॉर्ड करत होती. विचार करा, १८ वर्षांचं वय, अजून धड काही सुरू नाही आणि तुमची गाणी बीबीसीवर. पुढचं सगळं आता आपोआप होणार, असं वाटणारच ना? काहीही झालं नाही. बँडमधले लोक गेले, नवे आले, एक कंपनी झाली, दुसरी झाली. पुढचं पील सेशन मिळालं ते १९९३मध्ये. १२ वर्षांनी! १९९५मध्ये 'कॉमन पीपल' नंबर दोनवर गेलं आणि त्याच उन्हाळ्यात ग्लास्टनबरीच्या मुख्य स्टेजवर, दुसरा बँड ऐनवेळी गळाला म्हणून, पल्प उभे राहिले आणि समोरचं मैदान त्यांच्याबरोबर गात होतं. पीलने दार उघडलं तरी आत जायला त्यांना जवळपास १४ वर्षं लागली.

उलट घडलं ते अंडरटोन्सचं. उत्तर आयर्लंडमधलं डेरी, वर्ष १९७८. शहरात सैनिक, बॉम्ब, गोळीबार, आणि ही पाच पोरं गाणी करतायत पोरींवर. बेलफास्टच्या एका रेकॉर्डच्या दुकानवाल्याने, टेरी हूलीने, आपल्या छोट्या लेबलवर त्यांचं 'टीनएज किक्स' काढलं. लंडनच्या कंपन्यांनी नाक मुरडलं. पीलने ते रेडिओवर लावलं आणि संपल्यावर लगेच पुन्हा लावलं. लागोपाठ दोनदा! अमेरिकेतल्या सायर कंपनीच्या मालकाने ते इंग्लंडमध्ये गाडीत ऐकलं आणि थोड्याच दिवसांत बँड करारबद्ध झाला. पुढे एकदा हेच गाणं अचानक रेडिओवर लागलं तेव्हा पीलला गाडी बाजूला घ्यावी लागली होती, डोळ्यांतल्या पाण्यामुळे. शेवटपर्यंत ते त्याचं सगळ्यात लाडकं गाणं राहिलं.

आणि बिर्याणी! १९८३मध्ये पील ऑन एअर सहज म्हणाला की मशरूम बिर्याणी मिळाली तर काय बहार येईल. बिली ब्रॅग नावाचा गिटारवाला ते ऐकत होता. तो उठला, बिर्याणी घेतली आणि बीबीसीच्या दारात हजर. सोबत अर्थातच स्वतःची रेकॉर्ड. पीलने बिर्याणी घेतली आणि गाणं लावलं, चुकीच्या स्पीडवर. हे त्याचं नेहमीचं होतं. बिर्याणी नसती तरी लावलं असतं, असंही त्याने श्रोत्यांना सांगून टाकलं.

हे सगळं गोड गोड वाटतं, पण प्रत्येक वळणावर त्याने जुने श्रोते घालवलेत. १९७६मध्ये त्याने रमोन्सचा पहिला अल्बम लावला, तेव्हा लांब केसांचे, लांब गाण्यांचे जुने चाहते खवळले. हा गोंगाट बंद करा, अशी पत्रं आली. तो खूशच झाला. बघता बघता श्रोत्यांचं वय खाली उतरलं. तुमच्या ग्रुपमधला तो 'त्या बँडचं जुनं कामच खरं' म्हणणारा मित्र आठवा. पील बरोबर त्याच्या उलट. पुढे रेगे आलं, हिप-हॉप आलं, आफ्रिकेतल्या गिटारी आल्या, नेपाम डेथचा कानठळ्या बसवणारा प्रकार आला. प्रत्येक वेळी कुणीतरी रेडिओ बंद केला आणि कुणीतरी नवीन लावला.

मैत्रीही गेली एक. मार्क बोलन कुणालाच माहीत नव्हता तेव्हा पीलने त्याला डोक्यावर घेतलं होतं. टी. रेक्स होऊन तो स्टार झाला, 'गेट इट ऑन' आलं आणि पीलने ते आवडलं नाही हे रेडिओवरच सांगून टाकलं. दोघांत पुढे बोलणं जवळपास उरलं नाही. मित्राचं गाणं वाईट झालं तर तुम्ही काय करता? मी इन्स्टावर हार्ट टाकते आणि गप्प बसते.

घरी मात्र हा माणूस भलताच स्थिर. १९७४मध्ये शीलाशी लग्न केलं, सफकमधल्या ग्रेट फिनबरो गावात चार मुलं वाढवली. लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं वेड इतकं की मुलांच्या मधल्या नावांत अ‍ॅनफिल्ड, डॅलग्लिश आणि शँकली घालून ठेवलं. १९९८पासून रेडिओ फोरवर 'होम ट्रुथ्स' हा घरगुती गोष्टींचा शो सुरू केला आणि शनिवारी सकाळी चहा पिणारी काका-काकू मंडळीही त्याची झाली. २००१मध्ये डायबेटिस निघाला. २५ ऑक्टोबर २००४ला पेरूमधल्या कुस्को शहरात, शीलाबरोबर फिरायला आणि लिहायला गेलेला असताना, हार्ट अटॅकने तो गेला. वय ६५. बरी सेंट एडमंड्सच्या कॅथेड्रलमध्ये हजाराहून जास्त लोक जमले आणि शवपेटी बाहेर नेताना 'टीनएज किक्स' वाजलं. त्याच गाण्यातले शब्द त्याच्या थडग्यावर आहेत. पुढच्याच वर्षी ग्लास्टनबरीने नव्या बँडच्या स्टेजला त्याचं नाव दिलं. २०२३मध्ये ते बदललंही.

घरात मागे राहिल्या हजारो रेकॉर्डी, प्रत्येकीचं टाइप केलेलं कार्ड. आणि वेगळी लाकडी पेटी, साधारण १४० सिंगल्सची. तीत सगळ्यात जास्त होत्या व्हाइट स्ट्राइप्सच्या. साठी ओलांडलेल्या माणसाच्या, घरातून पळताना उचलायच्या पेटीत, तेव्हा नुकताच आलेला बँड!

आज रात्री कुठून सुरुवात करायची म्हणाल तर मी असा क्रम देईन. आधी 'ब्रिमफुल ऑफ आशा', रीमिक्स नाही, मूळ. मग 'टीनएज किक्स', लागोपाठ दोनदा. मग पल्पचं १९८१चं सेशन, जमेल तिथे थोडं सहन करत. मग द फॉल. या मँचेस्टरच्या बँडवर पीलचा एवढा जीव की त्यांची २४ सेशन्स झाली, त्यातलं कुठलंही चालेल. आणि सगळ्यात शेवटी नेपाम डेथचं 'यू सफर'. आवडलं नाही तर बदलायला हात पुढे कराल, पण तो फोनपर्यंत पोचायच्या आत ते संपलेलं असेल. एका सेकंदाहून जेमतेम मोठं आहे.