विश्लेषण : त्रिकोणांच्या जाळ्यातून पृथ्वी मोजणारे लॅम्बटन कोण होते?

खाण, धरण किंवा यंत्राचा सुटा भाग तपासताना आता त्याचे त्रिमितीय प्रारूप संगणकावर तयार केले जाते. हे प्रारूप म्हणजे असंख्य त्रिकोणांचे जाळे. चंद्रपूरच्या खुल्या कोळसा खाणींसारख्या जागी कडा आणि उतार मोजण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. त्रिकोणांच्या जाळ्यातून आकार ओळखण्याची कल्पना मात्र जुनी आहे. ती भारतभर राबवू पाहणारे विल्यम लॅम्बटन यांनी चंद्रपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील हिंगणघाटला अखेरचा श्वास घेतला.

लॅम्बटन कोण होते?

१७५३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये त्यांचा जन्म झाला. सैनिक म्हणून ते अमेरिकेत लढले आणि १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला कैद झाले. पुढे भारतात येऊन १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत त्यांनी भाग घेतला.

त्यांनी नेमके काय केले?

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्यांनी पहिली पायारेषा मोजायला घेतली. शंभर फुटांच्या पोलादी साखळीने सुमारे १२ किलोमीटर अंतर मोजायला ५७ दिवस लागले. उन्हाने साखळी लांबते, म्हणून तापमानाचीही नोंद ठेवली जाई. एक बाजू अचूक कळली की पुढे फक्त कोन मोजायचे आणि बाकी अंतरे गणिताने काढायची. कोन मोजणारा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो आदळला. काम थांबण्याचीच वेळ आली होती, पण लॅम्बटन यांनी आठवडे खपून तो स्वतः दुरुस्त केला.

त्रिकोणांतून आकार कसा कळतो?

सपाट त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. पृथ्वीवरील मोठ्या त्रिकोणात ती किंचित जास्त भरते. हा वाढीव भाग म्हणजे वक्रतेची खूण. संगणकही असेच पाहतो. एका बिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमी असेल तर तिथे उंचवटा किंवा खळगा असू शकतो. शेजारचे दोन त्रिकोण एकमेकांशी एकदम कलले तर तिथे कडा असते.

पडताळणी का महत्त्वाची?

गणितात चूक साठत जाते. म्हणून लॅम्बटन ठरावीक टप्प्यावर नवी पायारेषा प्रत्यक्ष मोजून उत्तर ताडून पाहत. आजही प्रारूप जमिनीवरील ज्ञात बिंदूंशी जुळते का, हे पाहावे लागते. नाहीतर पडद्यावर सुरक्षित दिसणारा उतार प्रत्यक्षात धोकादायक असू शकतो.

शेवट कसा झाला?

हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले आणि १८४१ मध्ये ही साखळी हिमालयाच्या पायथ्याशी पूर्ण झाली. लांबी सुमारे २,४०० किलोमीटर. सर्वोच्च शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्ट यांचे. पाया घालणारे लॅम्बटन विदर्भाच्या मातीत राहिले.