स्पिटफायरचं बंद पडणारं इंजिन पितळेच्या एका चकतीनं सांभाळणारी बिअॅट्रिस शिलिंग

साल १९४०. इंग्लंडच्या आकाशात रोज विमानांच्या मारामाऱ्या सुरू होत्या. एका बाजूला ब्रिटनची स्पिटफायर आणि हरिकेन, दुसऱ्या बाजूला जर्मनीचं मेसरश्मिट १०९. स्पिटफायर वेगात कमी नव्हतं आणि वळण्यात तर सरस होतं. तरीही जर्मन वैमानिकांकडे एक हुकमी पळवाट होती. मागे स्पिटफायर लागलं की ते विमानाचं नाक एकदम खाली करायचे आणि सूर मारायचे. ब्रिटिश वैमानिकानंही तसंच नाक खाली दाबलं की त्याचं इंजिन आचके द्यायचं, कधी क्षणभर बंदच पडायचं. इंजिन परत सुरू होईपर्यंत शत्रू दूर गेलेला असायचा. आणि परिस्थिती उलटी असेल, म्हणजे शत्रू मागे असेल, तर त्या क्षणाची किंमत जिवानं मोजावी लागायची.

या दोषाचं मूळ शोधून त्यावर चालेल असा इलाज काढणारी व्यक्ती होती बिअॅट्रिस शिलिंग. ओळखीच्या लोकांत ती टिली.

तिचा जन्म ८ मार्च १९०९ चा, इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या वॉटरलूव्हिलचा. वडिलांचा मटणाचा धंदा होता. तीन बहिणींत ही सगळ्यात धाकटी. लहानपणापासून खेळणी कमी आणि हत्यारं जास्त असा प्रकार. लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट जोडून यंत्रं बनवायच्या मेकॅनो या खेळाच्या स्पर्धेत तिनं बक्षीसही मिळवलं होतं. चौदाव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून तिनं मोटरसायकल घेतली. कंपनी कोणती, तर रॉयल एनफिल्ड. आपल्याकडे बुलेटमुळे घराघरांत माहीत असलेली ही कंपनी तेव्हा पूर्ण इंग्रजी होती. गाडी नुसती चालवून पोरीचं समाधान होत नव्हतं. इंजिन खोलायचं, आत काय आहे ते बघायचं, परत बांधायचं आणि सुरू करून दाखवायचं, हा तिचा छंद झाला.

शाळा संपल्यावर तिला नोकरी मिळाली ती मार्गारेट पार्ट्रिज या बाईंकडे. पार्ट्रिजबाई स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर होत्या आणि गावांमध्ये वीज पोचवायची कामं घ्यायच्या. तिथे तीन वर्षं टिलीनं वायरिंग ओढलं, जनरेटर बसवले. तिचा हात बघून पार्ट्रिजबाईंनीच तिला विद्यापीठात जायला लावलं. १९३२ मध्ये मँचेस्टरहून ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडली, आणि मग आणखी एक वर्ष थांबून तिनं मेकॅनिकलमध्ये पुढची पदवीही घेतली.

त्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रोफेसर मक्लो यांच्या हाताखाली तिला संशोधनाचं काम मिळालं. विषय होता सुपरचार्जर लावलेली एका सिलिंडरची इंजिनं. साधं इंजिन बाहेरची हवा स्वतःच्या जोरावर ओढतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर फिरणारा पंखा किंवा पंप, जो हवा दाबून आत कोंबतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. पण सगळ्याच गोष्टी वाढतात. उष्णता वाढते, दाब वाढतो आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण जरा चुकलं तरी इंजिन लगेच रुसतं. पुढे जो प्रश्न तिच्या टेबलावर येणार होता, त्याची ही तालीमच होती.

याच काळात ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं. सरे परगण्यातला हा सिमेंटचा ट्रॅक वळणांवर भिंतीसारखा चढलेला होता आणि वेगात जाणाऱ्या मोटरसायकलला तिथली खडबडीत जमीन अक्षरशः उडवायची. तिथे शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्याला गोल्ड स्टार मिळायचा. ५०० सीसीच्या नॉर्टनवर बिअॅट्रिसनं तो १९३४ मध्ये मिळवला. ट्रॅक बंद होईपर्यंत फक्त तीन बायकांना तो मिळाला, त्यातली ती एक. पुढे तिची फेरी ताशी १०६ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १७० किलोमीटरपर्यंत गेली. नोएल पोपसारख्या मुरलेल्या रेसरलाही तिनं हरवलं होतं. आणि गाडी तयार करायला तिला दुसरा मेकॅनिक लागत नव्हता.

१९३६ मध्ये ती फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रुजू झाली. विमानांवर सरकारी संशोधन चालायचं ते हे ठिकाण. सुरुवातीला तिला इंजिनांची माहितीपुस्तकं लिहायला बसवलं. हाताला ग्रीस लागल्याशिवाय चैन न पडणाऱ्या बाईला हे काम किती रुचलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. तिनं खटपट करून बदली मिळवली आणि युद्ध सुरू झालं तेव्हा ती कार्ब्युरेटरच्या संशोधनाचं काम बघत होती. १९३८ मध्ये तिनं तिथल्याच जॉर्ज नेलरशी लग्न केलं. त्यानंही ब्रुकलँड्सचा गोल्ड स्टार मिळवल्याशिवाय लग्न करणार नाही, अशी अट तिनं घातल्याची आख्यायिका आहे. खरं-खोटं काहीही असो, तिला ओळखणाऱ्यांना ती पटण्यासारखी वाटली, हे महत्त्वाचं.

आता मूळ दुखण्याकडे. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्हींत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. १२ सिलिंडर, २७ लिटर आणि सुपरचार्जर. जर्मन इंजिनात पेट्रोल इंजेक्शननं थेट सिलिंडरमध्ये जायचं, तर मर्लिनमध्ये कार्ब्युरेटर होता. हा काही मागासपणा नव्हता. सुपरचार्जर हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी ठेवला की पेट्रोलची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. रोल्स-रॉइसच्या हिशेबाप्रमाणे यामुळे मिश्रण सुमारे २५ अंशांनी थंड व्हायचं आणि तेवढी ताकद फुकटात मिळायची. म्हणजे ज्या भागानं इंजिनला ताकद दिली, त्याच भागात खोड होती.

ही खोड समजायला घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवावी. टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढलं की तरंगता गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी उतरलं की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलचं नेमकं हेच चालतं. आता अशी टाकी विमानात आहे आणि वैमानिकानं नाक झपकन खाली केलं अशी कल्पना करा. झोपाळा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, त्याच्या कैक पट. चेंबरमधल्या सगळ्या वस्तूंसाठी खालची बाजू वर होते.

मग दोन गोष्टी एकामागोमाग घडायच्या. पहिल्यांदा पेट्रोल चेंबरच्या छताला जाऊन चिकटायचं. इंजिनाकडे पेट्रोल नेणारी भोकं तळाशी, त्यामुळे तिथे पेट्रोलच नाही. इंजिन एक ठसका द्यायचं. वैमानिकांना हा ठसका जाणवायचा आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, असं वाटायचं. पण खरा घात त्यानंतर होता. पेट्रोल छताला म्हटल्यावर फ्लोट उलट्या दिशेनं तरंगत तळाला जायचा. फ्लोट तळाला म्हणजे चेंबर रिकामं, असा यंत्रणेचा समज. नळ पूर्ण उघडायचा आणि पंप पूर्ण जोरानं पेट्रोल आत ढकलत राहायचा. चेंबर तुडुंब भरून इंजिनात नको इतकं पेट्रोल जायचं. गॅरेजच्या भाषेत इंजिन फ्लड व्हायचं. धुराड्यांतून काळा धूर निघायचा आणि इंजिन गुदमरायचं. पहिला ठसका क्षणाचा, हे गुदमरणं जास्त वेळाचं. इंजिन उपाशी मरत नव्हतं, बुडून मरत होतं.

वैमानिकांनी आपल्या परीनं तोड काढली होती. आधी विमान कुशीवर वळवून उलटं करायचं आणि मग ओढून सूर मारायचा. त्यात पेट्रोल चेंबरच्या तळालाच राहायचं. पण या कसरतीत हातातली शिकार निसटायची.

पूर्ण उत्तर म्हणजे नवा कार्ब्युरेटर. त्यावर काम चालू होतं, पण त्याला वेळ लागणार होता आणि शेकडो विमानं रोज उडत होती. बिअॅट्रिसनं वेगळा विचार केला. फ्लोट खोटं सांगतो हे लगेच थांबवता येत नाही, तर त्याचं ऐकून पंप किती पेट्रोल पाठवू शकतो, त्यावरच मर्यादा घालायची. इंजिनला पूर्ण ताकदीवर जास्तीत जास्त जेवढं पेट्रोल लागतं, तेवढंच जाऊ देणारं भोक पेट्रोलच्या नळीत, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसवायचं. नळ सताड उघडला तरी पूर येणारच नाही.

पहिला नमुना शिवणकामात बोटाला घालतात त्या टोपणासारखा होता, पितळेचा, मधोमध भोक असलेला. नंतर ती साधी चपटी चकती झाली, जवळजवळ वायसरच. दिसायला अगदी किरकोळ, पण सगळं अवलंबून होतं भोकाच्या मापावर. भोक मोठं ठेवलं तर पूर थांबणार नाही. लहान ठेवलं तर पूर्ण जोर लावताना इंजिनला पेट्रोल कमी पडेल, आणि सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात कमी पेट्रोल म्हणजे भडकलेली उष्णता आणि जळालेले पिस्टन. त्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल आल्यावर मर्लिनच्या सुपरचार्जरचा दाब सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत वाढवला गेला होता, म्हणजे पेट्रोलची भूकही वाढली होती. म्हणून वेगवेगळ्या दाबाच्या इंजिनांसाठी चकतीची दोन मापं केली गेली.

सगळ्यात मोठी सोय अशी की इंजिन खोलायची गरज नव्हती. विमान धावपट्टीशेजारी उभं असतानाच चकती बसायची. १९४१ च्या सुरुवातीला बिअॅट्रिस एक छोटी टीम घेऊन विमानतळ पालथे घालू लागली. ती स्वतः बऱ्याचदा आपल्या नॉर्टनवर यायची. मार्चपर्यंत हे काम मोठ्या प्रमाणावर उरकलं होतं.

बॅटल ऑफ ब्रिटन या चकतीमुळे जिंकली, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. ती लढाई १९४० च्या ऑक्टोबरपर्यंत संपली होती, चकत्या बसल्या त्यानंतर. शिवाय पहिला ठसका चकतीनं गेला नाही, आणि उलटं विमान बराच वेळ उडवायची सोयही झाली नाही. पुढे सुधारलेले कार्ब्युरेटर आले आणि १९४३ पासून दाबानं पेट्रोल सोडणारे बेंडिक्स कार्ब्युरेटर आल्यावर प्रश्न मुळातून सुटला. मधल्या दोन वर्षांत मात्र वैमानिकाला नाक खाली दाबताना इंजिन दगा देईल ही धास्ती उरली नाही, आणि हे श्रेय लहान नाही.

सरकारी कागदावर या वस्तूचं नाव आरएई रिस्ट्रिक्टर. वैमानिकांनी तिला मिस शिलिंगच्या नावानं एक चावट टोपणनाव दिलं, ज्यात भोक हा शब्द होता. बाईचं लग्न होऊन दोन वर्षं उलटली होती, पण विनोदाला मिसच हवी होती. तेच नाव इतिहासात टिकलं. तिचा नवरा याच युद्धात लँकेस्टर बॉम्बर उडवत होता.

युद्धानंतर तिला ओबीई हा किताब मिळाला. फार्नबरोत ती १९६९ पर्यंत राहिली. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्रापासून ते ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात इथपर्यंत तिनं अनेक कामं केली. पण संस्थेतली सगळ्यात वरची पदं तिला कधीच मिळाली नाहीत. ती पुरुषांसाठीच होती. ज्या बाईच्या हातची वस्तू शेकडो लढाऊ विमानांत होती, तिच्या बाबतीत हा हिशेब खटकल्याशिवाय राहत नाही.

शर्यतीचं वेड सुटलं नाही. ब्रुकलँड्सचा ट्रॅक युद्धात कायमचा गेला, तेव्हा नवरा-बायको मोटारींकडे वळले. आधी लगोंडा रॅपियर, तीही भरपूर बदल करून. मग १९५९ ते १९६२ या काळात ऑस्टिन-हीलीची सेब्रिंग स्प्राइट. गाडीवरचं काम दोघं स्वतःच करायचे. पन्नाशी ओलांडलेल्या बिअॅट्रिसनं या स्प्राइटवर बरेच तिसरे क्रमांक आणि एक विजय मिळवला.

१९६७ मध्ये अमेरिकन रेसर डॅन गर्नीच्या ईगल या फॉर्म्युला वन गाडीचं १२ सिलिंडरचं वेस्लेक इंजिन तापू लागलं. ते का तापतंय हे शोधायला ज्यांना बोलावलं गेलं, त्यांत ५८ वर्षांची बिअॅट्रिसही होती. दोन वर्षांनी सरे विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली.

१८ नोव्हेंबर १९९० ला, वयाच्या ८१ व्या वर्षी ती गेली. फार्नबरोत तिच्या नावाचा एक पब आहे, द टिली शिलिंग.