कन्हेरसरचे लोखंडे

पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला पहाटे उभे राहिले, की चाकणच्या कारखान्यांकडे निघालेल्या कामगारांच्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. त्यांतील बहुतेकांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. ती कोणी मिळवून दिली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो माणूस मूळचा आपल्याच खेड तालुक्यातला. कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास, गरीब घरात झाला. शिक्षण बेताचेच झाले. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. तेथे त्यांनी कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, जेवायला धड उसंत नाही, पगाराची तारीख निश्चित नाही आणि यंत्रात हात सापडला तर उपासमार! जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता. त्यांनी नोकरी सोडली आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राची धुरा वाहिली.

१८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन, एवढेच त्यात मागितले होते. यात भिक्षा कोठेच नव्हती. राबणारा हाही माणूस आहे, इतकेच मान्य करून घ्यायचे होते. त्याच वर्षी त्यांनी गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रसंग विचार करायला लावतो. लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. गिऱ्हाईक सांगेल ते निमूटपणे करणारा, अशीच ज्यांची ओळख होती, त्यांनाही स्वतःची सदसद्विवेकबुद्धी असते, हे त्या दिवशी समाजाला कळले. सेवा करणारा माणूस आपला विवेक विकत नसतो.

१८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. लोखंडे रुग्णसेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशीही झाली नव्हती.

मित्रहो, आज सुट्टीचा वार कारखान्यागणिक वेगळा असेल, पण हक्क तोच आहे. तरीही फाटकावरच्या पहारेकऱ्याला, उपाहारगृहात ताट उचलणाऱ्या मुलाला, दुकानातल्या विक्रेतीला आपण सहज अरे-तुरे करतो. दुसऱ्याची चूक असली तरी राग काढतो तो समोर उभ्या असलेल्या त्यांच्यावरच. त्यांतली कित्येक मुले आपल्याच गावातली, आपल्याच वर्गातली असतात. विश्रांतीचा हक्क कायद्याने देता आला. आदर मात्र आपणच द्यायचा आहे. कन्हेरसर आपल्यापासून दूर नाही. लोखंडेही दूर राहू नयेत.