स्वयंपाकघरांतील भक्त : बंधु लॉरेन्स

ज्युबिलीच्या वर्षीं देवळाला रंग लागतो, घंटेचा नाद दूरवर जातो, मिरवणुकीपुढें बँड वाजतो. हें सर्व योग्यच आहे. तथापि या गजबजाटांत, ज्याचीं कित्येक वर्षें मठाच्या चुलीपाशीं गेलीं अशा एका लंगड्या आचाऱ्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आलें.

लोरेन प्रांतांतील एरिमेनील खेड्यांत १६१४ च्या सुमारास निकोलास हर्मान याचा जन्म झाला. अठराव्या वर्षीं, ऐन हिंवाळ्यांत, एक निष्पर्ण वृक्ष त्याच्या दृष्टीस पडला. थोड्याच दिवसांत यास पालवी फुटेल, मग फुलें व फळें येतील, हा विचार मनांत येतांच ईश्वराच्या सामर्थ्याची त्यास अशी कांहीं ओळख पटली कीं, ती जन्मभर पुसली गेली नाहीं. प्रवचन नाहीं, समारंभ नाहीं. एक उघडें झाड, एवढेंच निमित्त!

तीस वर्षांच्या युद्धांत तो शिपाई होता. जखमी होऊन परतला. मग एका खजिनदाराकडे हुजऱ्याची चाकरी केली. तेथें हा इतका धांदरट कीं, हातीं आलेली वस्तु फुटावयाचीच. १६४० सालीं तो पॅरिसच्या अनवाणी कार्मेलाईटांच्या मठांत शिरला. (याच संघाच्या पाद्र्यांकडे १७२० मध्यें मुंबईच्या ख्रिस्ती लोकांची धार्मिक व्यवस्था आली.) मठांत आपल्या धांदरटपणाची चांगलीच शिक्षा मिळेल अशी त्याची अपेक्षा, पण देवानें आपणास फसविलें, सुखच दिलें, असें तो पुढें थट्टेनें सांगे.

तें सुख मात्र लगेच लाभलें नाहीं. १६४२ सालीं शपथा घेऊन तो बंधु लॉरेन्स झाला. ते पाद्री नव्हते, सेवेकरी बंधु होते. आणि ज्या स्वयंपाकाचा त्यांना स्वभावतः तिटकारा, तोच वांट्यास आला. नेमाचीं प्रार्थना-चिंतनें सर्व यथासांग होत. परंतु अंतर्यामीं सुमारें दहा वर्षें अंधार होता. त्यांतील चार वर्षें तर आपला नाश ठरलेला आहे असेंच त्यांना वाटे. शेवटीं त्यांनीं निश्चय केला कीं, तारण होवो अथवा न होवो, मरेपर्यंत देवावर प्रेम करीत राहावयाचें. तारणाचा हिशेब त्यांनीं सोडला, आणि पुढें मनास शांति आली.

मग भांड्यांचा खणखणाट चालूं असतांही ते देवाशीं बोलत. तव्यावरचें धिरडें उलटावयाचें तेंही देवाच्या प्रीतीसाठीं. हातांत काम नसलें कीं जमिनीवर लोटांगण घालून त्याचे आभार मानावयाचे. प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत त्यांना भेद उरला नाहीं. देहदंडन, उपास, हीं साधनें प्रेमाकडे नेत नसतील तर निष्फळ, असें त्यांचें स्पष्ट मत होतें.

यावरून कोणी रविवारचा मिस्सा चुकविण्यास सबब शोधील, तर तो या साधूस ओळखत नाहीं असेंच म्हणावें लागेल. मठाची एकही प्रार्थना त्यांनीं टाळली नाहीं. ती ओठांपुरती राहूं दिली नाहीं, इतकेंच.

एकदां द्राक्षारस खरेदीसाठीं त्यांना बर्गंडीस धाडलें. व्यवहाराची अक्कल नाहीं, पाय अधू. नावेंत पिंपांवरून लोळतच इकडून तिकडे जावें लागे. हें काम तुझेंच आहे, असें देवास सांगून ते मोकळे झाले, आणि काम नीट पार पडलें!

आबे जोसेफ द बोफोर हे मोठे धर्माधिकारी त्यांच्याशीं बोलावयास येत. त्यांनींच पुढें १६९२ पासून बंधूंचीं पत्रें व संभाषणें प्रसिद्ध केलीं. अखेरच्या दिवसांत विद्वान फेनेलाँही भेटावयास आले, तेव्हां तो दुखणाईत म्हातारा अगदीं आनंदांत होता. १२ फेब्रुवारी १६९१ रोजीं, पवित्र साक्रामेंतें स्वीकारून, बंधु लॉरेन्स यांनीं शांतपणें देह ठेवला.