नजरेच्या जादूचा उलगडा : जेम्स ब्रेड

संमोहन किंवा मोहिनीविद्या हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एक रंगमंच उभा राहतो. काळा कोट घातलेला जादूगार, त्याची रोखलेली नजर, हवेत फिरणारे हात आणि समोरच्या खुर्चीत मान टाकून बसलेला एखादा प्रेक्षक! या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी अलौकिक शक्ती आहे, असे मानून आपण टाळ्या वाजवतो आणि मनातून थोडे घाबरतोही. पण ही शक्ती नेमकी कुणाची? हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधण्यासाठी आयुष्याची अठरा वर्षे खर्ची घालणारा एक शल्यवैद्य गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव जेम्स ब्रेड.

ब्रेडचा जन्म १९ जून १७९५ रोजी स्कॉटलंडमधील किनरॉस परगण्यात झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८१५ साली त्याने शल्यवैद्याची सनद मिळवली. पहिली नोकरी मिळाली ती लेडहिल्स येथील शिशाच्या खाणींवर. खाणकामगारांची दुखणी काढीत त्याने तेथे काही वर्षे घालवली. पुढे डम्फ्रीस गावी आणि १८२८ पासून मँचेस्टर शहरात तो व्यवसाय करू लागला. जन्मतः वाकडे असलेले पाऊल आणि तिरळे डोळे यांवरील शस्त्रक्रियांत त्याचा हातखंडा होता. म्हणजे हा माणूस कुणी स्वप्नाळू तत्त्वज्ञ नव्हता. हातात शस्त्र धरून काम करणारा रोखठोक डॉक्टर होता.

त्या काळी युरोपात मेस्मरच्या नावाची विद्या गाजत होती. आपल्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह निघतो व त्याने रोगी बरा होतो, असे फ्रान्झ मेस्मर सांगत असे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने याची कसून तपासणी केली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये हे त्या समितीत होते. असा प्रवाह मुळी नाहीच, जे घडते ते रोग्याच्या कल्पनेने घडते, असा निर्वाळा समितीने दिला. तेव्हापासून बहुतेक विद्वानांनी या विषयाकडे पाठ फिरवली आणि तो पुष्कळसा खेळ करणाऱ्यांच्या हाती राहिला.

असाच एक खेळ करणारा, लाफोन्तेन, १८४१ साली मँचेस्टरला आला. १३ नोव्हेंबर रोजी ब्रेड त्याचा प्रयोग पाहायला गेला, तो ही सारी लबाडी आहे असे मनाशी धरूनच. पुढच्या खेपेला मात्र एक गोष्ट त्याच्या डॉक्टरी नजरेने टिपली. झोपवलेल्या माणसाला आपल्या पापण्या खरोखरच उघडता येत नव्हत्या! तेव्हा परिणाम खरा होता. खोटे होते ते त्याचे कारण. मला ब्रेडचा मोठेपणा येथेच दिसतो. सगळे खरे म्हणून माना डोलावणारे पुष्कळ असतात, सगळे खोटे म्हणून हसणारेही पुष्कळ असतात. त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे निवडत बसणारा विरळा.

घरी येऊन त्याने स्वतः प्रयोग केला. एका मित्राला समोर बसवले आणि बाटलीच्या तोंडाकडे एकटक पाहायला सांगितले. तीन मिनिटांच्या आत मित्राचे डोळे पाण्याने भरले, पापण्या मिटल्या आणि मान खाली आली. मग पत्नीला साखरेच्या भांड्यावरील नक्षीकडे पाहायला लावले. तिचीही तीच गत! ना हातवारे, ना भेदक नजर. पुढे तो आपली शस्त्रे ठेवण्याची चकचकीत डबी रोग्याच्या डोळ्यांच्या जरा वर धरून हेच काम करू लागला. बाटली आणि डबी यांच्यात कसली आली आहे दैवी शक्ती?

विरोध अर्थातच झाला. १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या एका धर्मोपदेशकाने हे सैतानाचे काम ठरवले. त्याच वर्षी मँचेस्टरला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेने ब्रेडचा निबंध नाकारला. तेव्हा त्याने स्वतः सभा बोलावून विनामूल्य प्रात्यक्षिके दाखवली. १८४३ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि निद्रेच्या ग्रीक देवतेवरून आलेला 'हिप्नॉटिझम' हा शब्द त्यामुळे रूढ झाला.

पुढे ब्रेडच्या ध्यानात आले की ही झोप नव्हेच. डोळ्यांच्या थकव्याचे आपले स्पष्टीकरणही अपुरे आहे. खरे कारण म्हणजे एकाच कल्पनेवर एकवटलेले चित्त. चुंबक जवळ नसतानाही तो आहे असे सांगितले की रोग्यांना त्याच्या जाणिवा होतात, हे त्याने दाखवून दिले. १८४७ मध्ये त्याने आपलाच शब्द बाजूला सारून 'एककल्पनावस्था' या अर्थाचा नवा शब्द सुचवला. पण लोकांच्या तोंडी जुनाच शब्द बसला होता!

या कथेचा एक धागा आपल्या देशातही येतो. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने १८४५ पासून मेस्मरच्या पद्धतीने रोग्यांना गुंगीत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. ईथरची भूल जगाला माहीत होण्यापूर्वीची ही गोष्ट. एस्डेलचा विश्वास मात्र अदृश्य प्रवाहावरच होता. ब्रेडने हिंदुस्थानातील जमिनीत पुरून घेणाऱ्या फकिरांच्या हकिकतीही जमवल्या आणि १८५० साली त्यांवर पुस्तक लिहिले. त्याने त्यांची टर उडवली नाही की त्यांना चमत्कार म्हटले नाही. शरीर आणि मन यांच्या नियमांत त्या कशा बसतात, एवढेच तो पाहत राहिला.

हे वाचताना मला वारंवार आठवण झाली ती माझ्या चुलतीची. तिची झोप उडाली होती, छातीत धडधड होई. घरचे तिला एका देवऋषाकडे नेत. तो तिला दिव्याच्या ज्योतीकडे टक लावून बघायला सांगे. थोड्या वेळाने तिची मान कलंडे आणि पुढे दोन-चार दिवस तिला शांत झोप लागे. ते बरे वाटणे खोटे नव्हते. पण श्रेय जाई त्या माणसाच्या 'दृष्टी'ला, आणि त्याने दृष्टी काढून घेतली तर काय, या धास्तीने नारळ, कोंबडी, पैसे हे चक्र चालूच राही. ती शांतता त्याने दिलेली नव्हती, तिच्याच मनातून आलेली होती, एवढे जर कुणी तिला सांगितले असते!

ब्रेडच्या शोधाचे मोल मला यात वाटते. त्याने शक्ती करणाऱ्याच्या डोळ्यांतून काढली आणि रोग्याच्या मनात आहे हे दाखवले. आजचे संमोहन-उपचारही याच पायावर उभे आहेत. रोगी बेशुद्ध नसतो. चित्त एकाग्र झाल्याने योग्य सूचना त्याचे मन सहज स्वीकारते. वेदना, भीती, चिंता यांत मुख्य उपचारांच्या जोडीला त्याचा उपयोग होतो. ब्रिटिश वैद्यकीय संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकन संघटनेने १९५८ मध्ये त्याला मान्यता दिली. ब्रेडच्याच मँचेस्टरमधील डॉक्टरांनी १९८४ साली आतड्याच्या चिवट विकाराच्या तीस रोग्यांवर तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना संमोहन-उपचार मिळाले, त्यांच्यात सुधारणा स्पष्टपणे अधिक होती. अर्थात हा रामबाण उपाय नव्हे. सगळ्यांवर त्याचा सारखा परिणाम होत नाही, आणि संमोहनात आठवलेले सारे खरेच असते असेही नाही. म्हणून तो प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यावा.

डिसेंबर १८५९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे पॉल ब्रोका या शल्यवैद्याने संमोहनाखाली केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत मांडला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २५ मार्च १८६० रोजी, मँचेस्टर येथे ब्रेडचे निधन झाले. त्याने मनात आणले असते तर लाफोन्तेनसारखे रंगमंचावर उभे राहून, आपल्या नजरेत जादू आहे असे सांगून, अमाप पैसा मिळवता आला असता. त्याऐवजी त्याने ती जादू सर्वांसमक्ष उलगडून दाखवली आणि ज्याची होती त्याच्या स्वाधीन केली.