भाई कोतवाल व त्यांच्या शाळा

शहापूर व मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांतील आमच्या वाचकांस सिद्धगड परका नाही. तेथील रानात २ जानेवारी १९४३ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल व त्यांचे सोबती हिराजी पाटील हे पोलिसांच्या गोळीबारात पडले, हेही पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु भाई कोतवालांचे नाव निघाले म्हणजे लोक त्यांचे मरणच सांगतात. त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या होत्या ही गोष्ट मागे पडते. आणि आम्हांस तर तीच अधिक सांगावीशी वाटते.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास गेले, वाडिया कॉलेजात शिकले व वकील झाले. शहरात राहून सुखाने पोट भरणे त्यांस अवघड नव्हते. तथापि ते माघारी आले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि कर्जत भागातील शेतकऱ्यांच्या कामी लागले.

वकिलाच्या दृष्टीस त्या लोकांचे दुःख कसे दिसले असेल, ह्याचा विचार करावा. पावसाळ्याच्या तोंडी घरातील भात सरते व खावटीसाठी सावकाराच्या दारी जावे लागते. तेथे कागद तयार असतो. धान्य किती लिहिले, व्याज काय धरले, जमिनीचा कोणता तुकडा गहाण पडला, हे घेणाऱ्यास कळावयास मार्ग नसतो. तो अंगठा उठवितो व पाटी डोक्यावर घेऊन घरी येतो. पुढे तोच कागद कोर्टात आला म्हणजे चांगल्या वकिलाचाही इलाज चालत नाही. मजकूर खोटा असला तरी अंगठा खरा असतो! १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे व नंतर इतर गावी कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे काढून जाळली, ती ह्याच संतापाने. परंतु जाळणारास वाचता येत नव्हते ते नव्हतेच, आणि पुढल्या टंचाईत नवा कागद होणारच होता.

कोतवालांनी दोन्हीकडून उपाय केला. अडीअडचणीस सावकाराकडे जावे लागू नये म्हणून धान्यकोठी काढली, आणि सोबत्यांच्या साहाय्याने गावोगाव स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. त्यांची संख्या बेचाळीस सांगतात. १९५१ च्या खानेसुमारीतदेखील ह्या देशात शंभरांपैकी अठराच माणसे साक्षर भरली, स्त्रियांत तर नऊही नाहीत. त्यापूर्वीच्या काळातील हे काम होय. वाडीवर ज्यांनी मुले जमविली आहेत अशा आमच्या मास्तर बंधूंस त्यातील कष्ट निराळे सांगावयास नकोत. सुगीत मूल शेतावर लागते, एरवी गुरांमागे जाते, आणि आज बसलेली मुले उद्या येतीलच असे नाही.

१९४२ च्या ऑगस्टात चलेजावची चळवळ पेटली व कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. ह्या मार्गाविषयी वाचकांत मतभेद असतील. आमचे मन मनोऱ्यांपेक्षा शाळांकडेच ओढ घेते. मात्र तिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःस राखून ठेवले नाही, हे कोणीही मान्य करील.

युनेस्कोच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ७४ कोटी तरुण व प्रौढ माणसे निरक्षर आहेत, व त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. सिद्धगड ज्या तालुक्यात आहे त्याच मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी, ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, कोणी नव्वदीला टेकलेल्या आजी गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. बँकेत अंगठा उठविणाऱ्या त्या बायका सही करावयास शिकल्या. त्यांपैकी ज्या ऐंशीच्या घरात होत्या, त्यांचे वय कोतवाल गेले तेव्हा पहिलीत बसण्याचे होते.